झाशीच्या तटावरील अनामिका

१

सन १८५८ च्या मार्च महिन्याच्या २१ तारखेस सर ह्यू रोज याची फौज झाशीपुढे येऊन थांबली. पुढील दोन आठवडे शहराच्या तटावर आणि किल्ल्याच्या बुरुजांवर तोफांचा अखंड मारा चालू राहिला. आतून त्याला तितकेच कडवे उत्तर मिळत होते. रोजच्या अंदाजाप्रमाणे शहरात सुमारे ११ हजार लढवय्ये होते. त्यांत बुंदेले होते, विलायती म्हणून ओळखले जाणारे अफगाण होते, कंपनीच्या पलटणी सोडून आलेले शिपाई होते. या वेढ्यासंबंधीच्या आपल्या खलित्यात रोजने एक गोष्ट आवर्जून नोंदविली आहे. दुर्बिणीतून पाहणाऱ्या इंग्रज अधिकाऱ्यांना तटावरच्या मोर्च्यांत स्त्रिया काम करताना दिसत होत्या. त्या दारूगोळा वाहून नेत होत्या. तोफांनी पाडलेली खिंडारे बुजविण्यास, लढणाऱ्यांना अन्नपाणी पोचविण्यास त्यांचे हात लागत होते. पुढे १८५७ च्या उठावाचा विस्तृत इतिहास लिहिणाऱ्या मॅलेसननेही ही नोंद आपल्या ग्रंथात घेतली.

शत्रूच्या सेनापतीने दिलेली ही साक्ष असल्यामुळे तिचे मोल मोठे आहे. रोजला झाशीच्या बायकांची थोरवी गावयाची नव्हती. शहर इतके चिवटपणे का लढले, याचे कारण वरिष्ठांना सांगताना त्याने ही बाब लिहिली. म्हणून झाशीच्या लढाईत सामान्य स्त्रियांचा प्रत्यक्ष भाग होता की नाही, हा प्रश्न तेवढ्यापुरता निकालात निघतो. तो होता.

मात्र त्या खलित्यात स्त्रिया आहेत त्या केवळ ‘स्त्रिया’ म्हणून. त्यांपैकी एकीचेही नाव नाही, जात नाही, वय नाही. कोणाची आई, कोणाची बायको, कोणत्या पुऱ्यात राहणारी, याचा मागमूस नाही. तटावर दुर्बिणीच्या टप्प्यात त्या क्षणभर आल्या आणि धुरात नाहीशा झाल्या. उलटपक्षी, जून १८५७ मध्ये झाशीच्या जोखनबागेत मारल्या गेलेल्या युरोपीय स्त्रीपुरुषांची व मुलांची नावे इंग्रजी कागदपत्रांत उतरली. त्या जागी स्मारकही उभे राहिले. ती हत्या निंद्य होती, आणि मृतांची नावे जपली गेली हे योग्यच झाले. पण एप्रिल १८५८ मध्ये शहर पडल्यानंतर जी कत्तल झाली, तिच्यात मेलेल्यांची यादी करण्याचे कोणास कारण नव्हते. पाच हजार माणसे मेली असा एक ठोकळ आकडा तेवढा मागे राहिला. त्या पाच हजारांत तटावरच्या बायका किती, हे त्या आकड्यातून कळण्याचा मार्ग नाही.

झाशीच्या इतिहासात राणी लक्ष्मीबाईचे नाव आकाशाएवढे मोठे आहे, आणि ते तसेच असावे. परंतु एका स्त्रीचे नाव इतके लखलखीत असताना तिच्या शेजारी उभ्या असलेल्या शेकडो स्त्रिया अंधारात का राहिल्या, हा प्रश्न त्या थोरवीला उणेपणा न आणता विचारता येतो. तो विचारला म्हणजे इतिहासात नाव नोंदले जाते ते कोणत्या वाटेने, याचा उलगडा होऊ लागतो.

२

प्रथम मराठी साधनांकडे पाहू. झाशी हे मराठी राज्य होते. वीरसिंह देव बुंदेल्याने सतराव्या शतकाच्या आरंभी किल्ला बांधला. अठराव्या शतकात नारो शंकराने शहर वसविले. पुढे नेवाळकर घराण्याकडे सुभेदारी आली. राणी ही मोरोपंत तांबे यांची कन्या. तिच्या वाड्यात मराठी बोलली जात होती, मराठी सणवार पाळले जात होते. त्यामुळे १८५७-५८ च्या झाशीचे अत्यंत जिवंत असे एतद्देशीय वर्णन मराठीत असावे, यात नवल नाही. ते म्हणजे विष्णुभट गोडसे यांचा ‘माझा प्रवास’.

पेणजवळच्या वरसई गावचे हे भिक्षुक. घरचे कर्ज फेडावे, बायजाबाई शिंदे करीत असलेल्या यज्ञात दक्षिणा मिळवावी, या हेतूने ते १८५७ मध्ये काकांसह उत्तरेकडे निघाले आणि बंडाच्या वणव्यात सापडले. वेढ्याच्या काळात ते झाशीतच होते. गोळे पडत असताना आश्रय शोधणारी माणसे, शहर पडल्यावरचा संहार, दिवसच्या दिवस चाललेली लूट, राजवाड्यातील ग्रंथसंग्रहाचा झालेला नाश, पुढे काल्पीच्या वाटेवर एका विहिरीपाशी तहानलेल्या राणीची पडलेली गाठ, हे सारे त्यांनी आठवणीने कित्येक वर्षांनंतर लिहून काढले. चिंतामण विनायक वैद्य यांनी ते १९०७ मध्ये प्रसिद्ध केले. मूळ हस्तलिखितावर आधारलेली प्रत दत्तो वामन पोतदार यांच्या संपादनाने १९६६ मध्ये निघाली.

गोडसे भटजींची दृष्टी स्वच्छ आहे, कान तिखट आहेत, आणि बढाईचा त्यांना स्पर्श नाही. परंतु ती एका भिक्षुक ब्राह्मणाची दृष्टी आहे. ज्या घरांत त्यांचा वावर होता, ज्या ओसऱ्यांवर त्यांना पान वाढले जाई, तेथूनच त्यांना झाशी दिसली. विणकरांच्या, कारागिरांच्या वस्त्यांत त्यांचे जाणे-येणे असण्याचे कारण नव्हते. तिथल्या बायकांपैकी कोण तटावर गेली, कोण परत आली नाही, हे त्यांच्या लेखणीत उतरले नाही. आणि त्यात त्यांचा दोष काढण्याचेही प्रयोजन नाही. प्रत्येक साक्षीदार जिथे उभा असतो तिथूनच पाहतो.

गोडसे भटजींचे पुस्तक छापले जाण्यापूर्वीच, १८९४ मध्ये, दत्तात्रय बळवंत पारसनीस यांनी राणीचे मराठी चरित्र सिद्ध केले होते. इंग्रजी कागदपत्रे आणि राणीच्या आप्तस्वकीयांकडून मिळालेली माहिती यांच्या आधारे लिहिलेला हा ग्रंथ होता. बंडाच्या आठवणींवर राजसत्तेची नजर असताना राणीची बाजू मांडणे हे धैर्याचे काम होते. पण चरित्र राणीचे होते. त्यात इतरांना जागा मिळाली ती राणीच्या संदर्भाने.

राणी कागदावर आली ती तलवार उचलण्यापूर्वीच, हेही लक्षात घेतले पाहिजे. २१ नोव्हेंबर १८५३ रोजी गंगाधरराव वारले. दत्तकपुत्र दामोदररावाचा वारसा कंपनीने नाकारला आणि १८५४ मध्ये संस्थान खालसा झाले. राणीस दरमहा ५ हजार रुपयांचे वेतन ठरविण्यात आले. या निर्णयाविरुद्ध तिने गव्हर्नर जनरलकडे खलिते धाडले, पूर्वीच्या तहांचे दाखले दिले, जॉन लँग नावाच्या वकिलाचा सल्ला घेतला. अशा रीतीने ती आधी दफ्तरात एक पक्षकार म्हणून नोंदली गेली आणि मग रणांगणात सेनानी म्हणून. तिच्यापाशी राज्याचा हक्क होता, तो मांडणारी भाषा होती आणि ती लिहिणारे कारकून होते.

सामान्य स्त्रीचे नाव त्या काळी कागदावर येण्याच्या वाटा मोजक्याच होत्या. ती मोठ्या कुळातील असावी. तिच्या नावे जमीन असावी. तिला सरकारातून पगार किंवा पेन्शन मिळावे. अथवा ती गुन्हेगार म्हणून न्यायासनापुढे उभी राहावी. तटावर गोळे वाहणाऱ्या बायकांच्या बाबतीत यांतले काहीच घडले नाही. ज्या दरबाराने त्यांची हजेरी मांडली असती, पडलेल्यांच्या घरी वर्षासन लावून दिले असते, तो दरबारच एप्रिल १८५८ मध्ये नाहीसा झाला. दफ्तर लुटले गेले, जळाले. राणीचे वडील मोरोपंत फासावर गेले. दामोदरराव लहानपणीच पोरका होऊन इंदूरला वाढला आणि १९०६ मध्ये वारला. जिथे राणीच्या दत्तकपुत्रालाच उभा जन्म हक्कासाठी अर्ज करण्यात घालवावा लागला, तिथे एखाद्या कोरी विणकराच्या विधवेला कोण विचारणार होते?

३

कागदाने सोडून दिलेले हे नाव बुंदेलखंडाच्या तोंडी परंपरेने धरून ठेवले. ते नाव झलकारीबाईचे.

परंपरा सांगते ती हकीकत अशी. झाशीजवळच्या भोजला गावी, कोरी म्हणजे विणकर समाजातील एका घरात २२ नोव्हेंबर १८३० रोजी तिचा जन्म झाला. आई लहानपणीच गेली. बापाने तिला मुलासारखे वाढविले, घोड्यावर बसावयास आणि हत्यार धरावयास शिकविले. रानात लाकडे तोडावयास गेली असता तिने कुऱ्हाडीने वाघ मारल्याची कथा अजून सांगितली जाते. राणीच्या फौजेतील पूरन कोरी याच्याशी तिचे लग्न झाले. गौरीपूजेच्या निमित्ताने राजवाड्यात जमलेल्या बायकांत राणीची नजर तिच्यावर पडली. आपल्याशी तिचे विलक्षण साम्य पाहून राणी चकित झाली आणि तिला स्त्रियांच्या तुकडीत घेण्यात आले. या तुकडीला लोकपरंपरेत दुर्गादल म्हणतात. झाशी पडण्याची वेळ आली तेव्हा राणीने निसटून जावे म्हणून झलकारीने राणीचा वेष धारण केला आणि ती उघड्यावर इंग्रजांच्या छावणीकडे गेली. तिला पाहून रोजची फौज काही काळ फसली. तेवढ्या अवधीत राणी झाशीबाहेर पडली.

या हकीकतीतील गौरीपूजेचा प्रसंग मराठी वाचकाने नीट पाहावा असा आहे. नेवाळकरांच्या झाशीत दक्षिणेतून आलेल्या घराण्यांबरोबर हळदीकुंकवाची चालही आली होती. एरवी ज्यांची पावले राजवाड्याच्या उंबऱ्यावर पडणे दुर्घट, अशा बायकांना आत येण्याचे ते एक निमित्त असे. मराठी राणी आणि बुंदेली विणकरीण यांची भेट परंपरेने याच निमित्तावर घडवून आणली आहे. भेटीचा दिवस दाखविता येणार नाही. परंतु दोन समाजांच्या बायका कोणत्या दारातून एकमेकींना भेटू शकत होत्या, याचे ज्ञान त्या कथेत साठविलेले आहे.

झलकारीची कथा ग्रंथरूपाने दूरवर पोचली ती वृंदावनलाल वर्मा यांच्या ‘झाँसी की रानी लक्ष्मीबाई’ या हिंदी कादंबरीमुळे. ती १९४६ मध्ये प्रसिद्ध झाली. वर्मा हे व्यवसायाने झाशीतले वकील. त्यांचे पणजोबा राणीच्या बाजूने लढताना पडले होते, आणि राणीच्या गोष्टी त्यांना बालपणी पणजीच्या तोंडून ऐकावयास मिळाल्या होत्या. कादंबरीचे एक मूळ अशा रीतीने एका वृद्ध स्त्रीच्या स्मरणात होते. झाशीतील जुन्या माणसांच्या आठवणी जमवून त्यांनी मुंदर, सुंदर, काशी, मोतीबाई, जूही आणि झलकारी अशा अनेक स्त्रियांना राणीभोवती उभे केले. यांतली कोणती किती ऐतिहासिक आणि कोणती किती कल्पित, हे कादंबरीच्या आधारे ठरविता येत नाही. तरी इतिहासलेखकांनी जी जागा रिकामी सोडली होती, ती एका कादंबरीकाराने माणसांनी भरून काढली, एवढे मान्य करावेच लागते.

यांपैकी काहींना अन्य आधारही सापडतात. ग्वाल्हेरजवळ कोट्याच्या सराईपाशी, १७ जून १८५८ च्या लढाईत, राणी पडली (एतद्देशीय परंपरेत १८ जून हा दिवस मानतात). तिच्याजवळ शेवटपर्यंत राहून मरण पत्करणाऱ्या एका परिचारिकेचा निर्देश इंग्रज अधिकाऱ्यांच्या लिखाणात आहे. तिथे तिला नाव नाही. परंपरेने तिला मुंदर म्हटले. सुभद्राकुमारी चौहान यांच्या सुप्रसिद्ध कवितेत राणीच्या सख्या म्हणून काना आणि मंदरा ही दोन नावे येतात. मोतीबाई ही गंगाधररावांच्या नाट्यशाळेतील नटी, पुढे ती तोफ चालवू लागली, असे सांगतात. झाशीच्या किल्ल्यात गुलाम गौस खान आणि खुदाबक्ष या दोन गोलंदाजांबरोबर तिची कबर दाखविली जाते. किल्ला पाहावयास आलेला माणूस तिथे क्षणभर थांबतो. नाटकातली बाई तोफेवर कशी गेली असेल, असे त्याच्या मनात आले तर ती कबर बांधल्याचे सार्थक झाले म्हणावयाचे.

महाश्वेता देवींनी ‘झाँसीर रानी’ हे आपले पहिले पुस्तक १९५६ मध्ये प्रसिद्ध केले. त्यापूर्वी त्या स्वतः झाशी-ग्वाल्हेरच्या भागात हिंडल्या, लोकगीते आणि आख्यायिका त्यांनी गोळा केल्या. दफ्तराच्या जोडीला लोकस्मृतीची साक्ष काढावी लागते, ही जाणीव त्या पुस्तकात पायाशी आहे. पुढे स्वतः कोरी व अन्य दलित समाजांतून आलेले लेखक पुढे सरसावले. भवानी शंकर विशारद यांचे ‘वीरांगना झलकारी बाई’ १९६४ मध्ये निघाले. मोहनदास नैमिशराय यांनी तिच्यावर कादंबरी लिहिली. या लेखनात झलकारी राणीची सावली उरली नाही, ती स्वतः नायिका झाली. भारत सरकारने २००१ मध्ये तिच्या नावे टपाल तिकीट काढले. लखनौमधील स्त्रियांच्या सरकारी रुग्णालयास तिचे नाव आहे. अनेक शहरांत तिचे पुतळे उभे आहेत. समाजशास्त्रज्ञ बद्री नारायण यांनी उत्तर भारतातील दलित अस्मितेत अशा वीरांगनांचे स्थान काय, याचा स्वतंत्र ग्रंथच लिहिला.

झलकारीच्या अंताविषयी मात्र परंपरा एकमुखी नाही. कोणी तिला झाशीच्या तटावरच वीरमरण आले असे सांगतात. कोणी म्हणतात, ओळख पटल्यावर इंग्रजांनी तिला सोडून दिले आणि ती पुढे पुष्कळ वर्षे जगली. समाजाला हुतात्म्याची गरज असते, म्हणून पहिला शेवट अधिक प्रिय झाला असावा. परंतु दुसरा शेवट खरा असेल तर तो कमी करुण आहे असे नाही. युद्ध हरलेल्या, राणी गमावलेल्या शहरात, नवऱ्याचा माग धुंडाळून पुन्हा मागावर बसणारी आणि आपण काय केले हे मोठ्याने सांगण्याचीही सोय नसलेली स्त्री डोळ्यांपुढे आणावी. लोकस्मृती अशा मौनातूनच पाझरत आलेली असते.

४

झाशीचा हा प्रश्न झाशीपुरता नाही. रणात उतरलेल्या सामान्य स्त्रियांची नावे कशी टिकतात आणि कशी पुसली जातात, हे पाहण्यासाठी दूरच्या अमेरिकेकडे वळणे उपयोगाचे ठरते. कारण तिथे इतिहास जवळजवळ तसाच घडला, मात्र लढणारा पक्ष जिंकला.

अमेरिकी स्वातंत्र्ययुद्धातील मॉनमथची लढाई २८ जून १७७८ रोजी झाली. कडक उन्हात गोलंदाजांना पाणी पाजणारी एक बाई, नवरा पडल्यावर स्वतः तोफेवर उभी राहिली, अशी कथा ‘मॉली पिचर’ या नावाने तिथल्या शाळकरी मुलांना पाठ असते. पिचर म्हणजे पाण्याचा घडा. हे काही कुणाचे खरे आडनाव नव्हे. त्या लढाईतील एक सैनिक जोसेफ प्लम्ब मार्टिन याने १८३० मध्ये छापलेल्या आठवणींत तोफेवर नवऱ्याला साथ देणाऱ्या एका बाईला पाहिल्याचे लिहिले आहे, पण तिचे नाव दिलेले नाही. रोजच्या खलित्यातील झाशीच्या बायका आणि मार्टिनने पाहिलेली ही बाई, दोघींना पाहणारा पुरुष डोळस होता. नाव विचारण्याइतका जवळ मात्र नव्हता.

फरक पडतो तो येथून पुढे. मेरी हेज नावाच्या स्त्रीस पेनसिल्व्हेनियाच्या विधिमंडळाने १८२२ मध्ये वार्षिक ४० डॉलरचे वेतन मंजूर केले, आणि मॉलीच्या कथेला एक माणूस सापडला. मार्गारेट कॉर्बिन हिचा नवरा १७७६ मध्ये फोर्ट वॉशिंग्टनच्या लढाईत तोफेवर पडला. तिने ती तोफ चालविली आणि ती जबर जखमी झाली. १७७९ मध्ये काँग्रेसने तिला सैनिकाच्या निम्म्या पगाराइतके वेतन जन्मभरासाठी लावून दिले. डेबोरा सॅम्पसन पुरुषवेषाने फौजेत राहिली. तिलाही प्रथम मॅसॅच्युसेट्स राज्याकडून आणि मग केंद्राकडून पैसे मिळाले. या बायका नवीन राष्ट्राच्या खतावणीत एक ओळ होऊन बसल्या. लढलेले राज्य टिकले, त्याला पेन्शन द्यावे लागले, म्हणून नाव टिकले. झाशीचे राज्य बुडाले, तेथे खतावणीच उरली नाही.

परंतु खतावणी असली म्हणजे न्याय झाला, असेही नाही. झाशी पडल्यानंतर पाचच वर्षांनी, जून १८६३ मध्ये, दक्षिण कॅरोलिनातील कंबाही नदीवर एक मोहीम झाली. गुलामगिरीतून पळून आलेली हॅरिएट टबमन ही तिची वाटाडी होती. त्या मोहिमेत ७०० हून अधिक गुलाम मुक्त झाले. टबमनने हेर म्हणून, वाटाडी म्हणून, परिचारिका म्हणून काम केले होते. तरी सरकारी पेन्शनसाठी तिला तीस वर्षांहून अधिक काळ झगडावे लागले. प्रथम १८९५ मध्ये तिला पैसे मिळाले ते एका सैनिकाची विधवा म्हणून, दरमहा ८ डॉलर. पुढे १८९९ मध्ये परिचारिकेच्या कामाबद्दल वाढ होऊन रक्कम २० डॉलर झाली. हेर आणि वाटाडी म्हणून तिने केलेल्या कामाला त्या वहीत रकाना सापडला नाही. मेरीलँड राज्याने तिला मरणोत्तर ब्रिगेडियर जनरल हा हुद्दा दिला तो २०२४ मध्ये.

टबमन काळी होती आणि गुलामीत जन्मली होती; झलकारी कोरी होती. बाईचे कर्तृत्व मान्य करावयाचे झाले तर ते बायको, विधवा, परिचारिका, दासी अशा ओळखीच्या चौकटीतच बसवावे, हा दोन्ही देशांतील रिवाज. त्यावर वर्णाचा वा जातीचा भार पडला म्हणजे ती चौकटही आणखी आखूड होते.

आणखी एक प्रसंग बोधप्रद आहे. मार्गारेट कॉर्बिनचे म्हणून जे अवशेष होते ते १९२६ मध्ये वेस्ट पॉइंट येथे सन्मानाने पुरण्यात आले. ते अवशेष तिचे नसून एका पुरुषाचे होते, असे २०१७ मध्ये शास्त्रीय तपासणीत उघड झाले. स्मारक राहिले, बाई मात्र पुन्हा हरवली. तरीही तिने तोफ चालविली ही गोष्ट खोटी ठरली नाही, कारण १७७९ चा ठराव शिल्लक होता.

५

हे सारे ध्यानात घेऊन झाशीकडे परत पाहिले म्हणजे दोन टोकांची भूमिका टाळता येते. एक भूमिका अशी की, समकालीन कागदात झलकारीचे नाव नाही, म्हणून ती नव्हतीच. दुसरी अशी की, लोक सांगतात ते अक्षरशः घडले, आणि त्यावर शंका घेणे हा अपमान आहे. पहिली भूमिका हे विसरते की, कोरी बाईचे नाव लिहिणारा कागद त्या काळी कोणाकडेच नव्हता. दुसरी हे विसरते की, स्मृती ही गरजेप्रमाणे स्वतःला घडवीत असते. शंकेच्या आचेत न घातलेली आठवण पिढी दोन पिढ्यांत पुराणकथा होऊन बसते, आणि मग तिला नाकारणाऱ्याचे काम सोपे होते.

वस्तुस्थिती अशी आहे की, आपल्या हाती दोन अर्धे तुकडे आहेत. रोजच्या खलित्यात कृती आहे, नाव नाही. बुंदेलखंडाच्या स्मृतीत नाव आहे, पण कृतीचा लेखी पुरावा नाही. हे दोन तुकडे एकमेकांशेजारी ठेवले की त्यांच्या कडा जुळू लागतात. तटावर बायका होत्या, हे शत्रूने लिहून ठेवले. त्या कोण होत्या, हे त्यांच्या नातवंडा-पतवंडांनी सांगितले. झलकारीच्या हकीकतीतला प्रत्येक तपशील सिद्ध होवो वा न होवो, तिच्यासारख्या स्त्रियांवाचून झाशी दोन आठवडे उभी राहिली नसती, हे विधान पुराव्याच्या बळावर करता येते.

लोककथेतील एका गोष्टीकडे मात्र सावधपणे पाहावे लागते. झलकारी स्मरणात राहिली ती राणीसारखी दिसत होती म्हणून. तिचे परमोच्च कृत्य कोणते, तर राणीचे वस्त्र अंगावर घेऊन राणी म्हणून ओळखले जाणे. नाव मिळण्यासाठी तिला आधी दुसरीचे नाव घ्यावे लागले, हा या कथेचा गाभ्यातला विरोध आहे. दलित लेखकांना तो जाणवला. म्हणूनच त्यांनी तिचे बालपण, तिचे रान, तिची कुऱ्हाड, तिचा नवरा, तिची वस्ती यांना प्राधान्य दिले, जेणेकरून वेष बदलण्यापूर्वीची झलकारी दिसावी. इतिहासानेही हाच मार्ग धरावयास हवा. राणीची प्रतिकृती एवढेच जिचे मोल, ती बाई पुन्हा एकदा अनामिकाच ठरते.

पुढील काळातही याचीच पुनरावृत्ती झालेली दिसते. सुभाषचंद्र बोस यांनी १९४३ मध्ये सिंगापूर येथे आझाद हिंद फौजेत स्त्रियांची पलटण उभारली आणि तिला झाशीच्या राणीचे नाव दिले. तिच्या कप्तान लक्ष्मी स्वामीनाथन सर्वांना ठाऊक आहेत. त्या पलटणीत मलायातील रबराच्या मळ्यांवर राबणाऱ्या कितीतरी तमिळ मजूर मुली होत्या. त्यांची नावे किती जणांना सांगता येतील?

महाराष्ट्रात राणी लक्ष्मीबाई ही आपली लेक मानली जाते, आणि झाशीविषयी मराठीत झालेले लेखन हे कोणासही अभिमान वाटावा असे आहे. गोडसे भटजी नसते तर त्या शहराचा शेवट एतद्देशीयांच्या डोळ्यांनी पाहावयास मिळाला नसता. पण मराठी साधने झाशीच्या वाड्यांत आणि ओसऱ्यांवर थांबतात. तटापर्यंत जावयाचे तर बुंदेली गीत, कोरी वस्तीतील आठवण आणि शत्रूचा खलिता यांचे बोट धरावे लागते. भाषेची आणि जातीची ही कुंपणे ओलांडून जो अभ्यासक तिथवर जाईल, त्याला तिथे राणी एकटी दिसणार नाही. तिच्या मागे, डोक्यावर गोळ्यांची पाटी घेतलेल्या, चुन्यामातीने हात भरलेल्या स्त्रियांची रांग दिसेल. त्यांतल्या एकीला लोकांनी झलकारी म्हटले. बाकीच्यांची नावे अजून विचारावयाची आहेत.